विश्लेषण : सीमेवरच्या कुंपणाचा खर्च युरोपीय महासंघाच्या तिजोरीतून करता येतो का?

हंगेरीने २०१५मध्ये सर्बियालगतच्या सीमेवर सुमारे १७५ किलोमीटरचे काटेरी कुंपण घातले. दोन वर्षांनी पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी युरोपीय आयोगाला पत्र लिहून सीमारक्षणावर झालेल्या खर्चाचा निम्मा वाटा, म्हणजे सुमारे ४४ कोटी युरो मागितले. आपण साऱ्या युरोपची राखण करतो आहोत, तर खर्चही सर्वांनी उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. निर्वासितांचा वाटा उचलण्यास नकार देणाऱ्या देशाने एकजुटीच्या नावावर पैसे मागावेत, हे आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष ज्याँ-क्लोद युंकर यांना पटले नाही. कुंपणाला पैसे मिळाले नाहीत. वाद मात्र तिथेच संपला नाही.

प्रश्न मुळात का उद्भवतो?

भारतात सीमेवरचे कुंपण केंद्र सरकार स्वतःच्या अर्थसंकल्पातून घालते, त्यामुळे हा पेच येत नाही. युरोपात शेंगेन व्यवस्थेमुळे एकदा बाहेरची सीमा ओलांडली की पुढे सहसा कोणी अडवत नाही. म्हणजे सीमा व्यवहारात सगळ्यांची, पण पहारा आणि खर्च तिथल्या देशाचा. म्हणूनच बेलारूसमार्गे स्थलांतरितांचे लोंढे येऊ लागल्यावर ऑक्टोबर २०२१मध्ये पोलंड, लिथुआनिया, ऑस्ट्रिया, डेन्मार्क, ग्रीस यांच्यासह १२ देशांच्या मंत्र्यांनी अशा अडथळ्यांसाठी महासंघाचा निधी मागितला. त्याच महिन्यात आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेअर लायन यांनी काटेरी तारा आणि भिंतींसाठी पैसे मिळणार नाहीत, असे स्पष्ट केले. पोलंडने पुढच्या वर्षी १८६ किलोमीटर लांब, साडेपाच मीटर उंच कुंपण स्वतःच्या खर्चाने उभे केले.

कायदा काय म्हणतो?

गंमत म्हणजे, ‘कुंपणाला पैसे देऊ नयेत’ असे महासंघाच्या मूळ करारांत कुठेही लिहिलेले नाही. उलट कलम ७७ बाह्य सीमांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची तरतूद करते आणि कलम ८० म्हणते की या क्षेत्रातली जबाबदारी, तिच्या आर्थिक भारासह, सदस्य देशांनी न्याय्य पद्धतीने वाटून घ्यावी. अट एवढीच, की खर्चाला कायद्याचा आधार हवा. २०२१ ते २०२७ या काळासाठीच्या सीमा व्यवस्थापन आणि व्हिसा निधीत सुमारे ६२४ कोटी युरोंची तरतूद आहे आणि त्यातून सीमेवरच्या पायाभूत सुविधांवर खर्च करता येतो. युरोपीय परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष शार्ल मिशेल यांनी नोव्हेंबर २०२१मध्ये वॉर्सात विधी विभागाच्या मताचा हवाला देत असा निधी कायदेशीरदृष्ट्या शक्य असल्याचे सांगितले. थोडक्यात, आयोगाचा नकार हा राजकीय निर्णय होता, कायद्याने घातलेली बंदी नव्हे.

कॅमेरा चालतो, तार का नाही?

फेब्रुवारी २०२३मध्ये सदस्य देशांच्या प्रमुखांनी आयोगाला सीमांवरील ‘पायाभूत सुविधा’ आणि टेहळणीसाठी भरीव निधी तातडीने उपलब्ध करण्यास सांगितले. ‘कुंपण’ हा शब्द त्यात नव्हता. ज्याला हवा त्याने तो वाचावा अशी सोय मात्र होती. डिसेंबर २०२४मध्ये रशिया आणि बेलारूसलगतच्या फिनलंड, पोलंड आदी सहा देशांना टेहळणी सामग्रीसाठी १७ कोटी युरो मंजूर झाले. ही तार आणि कॅमेऱ्यामधली रेघ फार पातळ आहे. कॅमेरे, वाहने आणि सेन्सर महासंघाच्या पैशातून आले, की तेवढाच देशाचा पैसा तारेसाठी मोकळा होतो.

मग कायद्याची खरी अडचण कुठे?

कुंपण उभारण्यात नव्हे, त्यापाशी माणसांशी होणाऱ्या वागणुकीत. महासंघाचा पैसा घेणाऱ्याला मूलभूत हक्कांची सनद पाळावी लागते आणि तिच्या १८व्या कलमात आश्रयाचा हक्क आहे. आश्रय मागणाऱ्याचे म्हणणे न ऐकताच त्याला परतवले, तर प्रश्न तारेच्या खर्चाचा राहत नाही. हंगेरीला हाच नियम नडला. डिसेंबर २०२०मध्ये महासंघाच्या न्यायालयाने आश्रय अर्जांवरील हंगेरीचे निर्बंध बेकायदा ठरवले. कागदपत्रे नसलेल्यांना कोणतीही प्रक्रिया न करता कुंपण आणि सीमारेषा यांच्यामधल्या पट्ट्यात नेऊन सोडणेही न्यायालयाने नियमबाह्य ठरवले. कुंपण पाडा, असे मात्र कुठेही म्हटले नाही.

हा निकाल हंगेरीने अमलात आणला नाही. तेव्हा जून २०२४मध्ये न्यायालयाने तिला २० कोटी युरो दंड केला, शिवाय अंमलबजावणी होईपर्यंत रोज १० लाख युरो. हंगेरीने दंड भरला नाही, म्हणून आयोगाने तो तिला मिळणाऱ्या निधीतून वळता करण्यास सुरुवात केली. रोजचा दंड जोडत गेले, तर सुमारे आठ महिन्यांतच ही रक्कम ओर्बान यांनी मागितलेल्या ४४ कोटींपर्यंत जाते.