यंत्राची भाषा आणि श्रमिकाचा हक्क

वाशीम हा सोयाबीन आणि कापूस पिकवणारा जिल्हा. अशा जिल्ह्यात शेतमालावर प्रक्रिया करणारे नवे यंत्र आले, की त्याच्याबरोबर पीएलसी नावाची एक पेटीही येते. जिनिंगमधील प्रेसने रुई केव्हा आणि किती दाबायची, दार उघडे असेल तर थांबायचे की नाही, हे ही पेटी ठरवते. तिला हुकूम कोणत्या भाषेत द्यावेत, हा प्रश्न वरकरणी अभियंत्यांपुरता वाटतो. पण यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराचा जीव आणि रोजगार त्यात गुंतलेला असल्यामुळे श्रमिक चळवळीला त्याकडे पाठ फिरवता येणार नाही.

१९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सला कारखान्यातील रिलेंच्या जंजाळातून सुटका हवी होती. त्या गरजेतून डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ हा नियंत्रक बनवला. त्याची भाषा मुद्दाम विजेच्या आराखड्यासारखी ठेवण्यात आली : दोन उभ्या रेषा आणि त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या. म्हणून तिचे नाव लॅडर, म्हणजे शिडी. रात्रपाळीत यंत्र अडले, तर तेथल्या वायरमनला ती वाचता यावी, हा त्यामागील हेतू. आयटीआयमध्ये काँटॅक्टर व स्टार्टरची जोडणी शिकलेल्या मुलालाही ही शिडी परकी वाटत नाही.

परंतु शिडीला मर्यादा आहेत. दाब, तापमान, ओलावा यांचे गणित शिडीत मांडू गेल्यास तिच्या पायऱ्या शेकड्यांनी वाढतात आणि लिहिणाऱ्यालाही तिचा उलगडा होईनासा होतो. म्हणून १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मानकात शिडीच्या जोडीला स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही पास्कलच्या वळणाची उच्चस्तरीय भाषा मान्य झाली. आज सी आणि पायथन यांसारख्या भाषाही नियंत्रणाच्या क्षेत्रात येत आहेत. अशा भाषेतील प्रोग्रॅम कागदावर वाचता येतो, जुन्या-नव्यातील फरक ओळीओळीने दाखवता येतो, यंत्राला जोडण्यापूर्वी तपासता येतो. नियंत्रक दर काही मिलिसेकंदांनी यंत्राची स्थिती वाचतो, निर्णय घेतो आणि हुकूम सोडतो. सामान्य संगणकावरील प्रोग्रॅम मध्येच रेंगाळला तर फार बिघडत नाही. प्रेसखाली हात असलेल्या कामगाराच्या बाबतीत मात्र तो विलंब घातक ठरेल. तेव्हा हिशेबासाठी नवी भाषा घ्यावी, पण सुरक्षेचे कुलूप साधे आणि सर्वांना वाचता येईल असेच ठेवावे.

खरा धोका भाषेच्या कठीणपणात नाही, ती कुलूपबंद करण्यात आहे. पोलंडमध्ये न्यूअग कंपनीने बांधलेल्या काही रेल्वेगाड्या दुसऱ्या कारखान्यात दुरुस्त झाल्यावर सुरूच होईनात. तीन तंत्रज्ञांनी नियंत्रकातील संकेत उलगडले आणि अशा ठिकाणी गाडी राहिल्यास ती बंद पडावी, अशी तजवीज प्रोग्रॅममध्येच असल्याचे डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. कंपनीने आरोप नाकारला. वादाचा निकाल काहीही लागो. विकत घेतलेल्या यंत्राच्या पोटात काय लिहिले आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते, एवढे तर स्पष्ट झाले.

मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर पूर्वी कारंज्याहून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेची गोष्ट या संदर्भात आठवावी. कापूस वाहण्यासाठी घातलेल्या या मार्गाची मालकी स्वातंत्र्यानंतरही इंग्रजी कंपनीकडेच राहिली. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले, तरी ते १९९४ पर्यंत धावले. इंजिन परदेशी होते, पण ते खोलणारे, समजून घेणारे आणि दुरुस्त करणारे हात इथले होते. आजच्या पेटीला एक पासवर्ड घातला, की कापसाच्या ऐन हंगामात अडलेली जिनिंग दूरच्या विक्रेत्याची वाट पाहत बसते. अशा वेळी कामगाराचे कौशल्य निकामी होते आणि त्याचा रोजही बुडतो.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे ठेवण्यात आली. कारखान्यातील नियंत्रकाचा त्यात उल्लेख नव्हता. ही उणीव भरून काढण्याची मागणी श्रमिक संघटनांनी नाही करायची, तर कोणी?

व्यापारी गुपिताचा आक्षेप येईलच. त्यावर उत्तर सरळ आहे. प्रोग्रॅमची नक्कल करून तो विकण्याचा हक्क कोणी मागत नाही. आपले यंत्र वाचण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क मागितला जात आहे. सहकारी जिनिंग असो वा गावची पाणीयोजना, जिथे सार्वजनिक पैसा लागतो तिथे टिपणांसह संपूर्ण प्रोग्रॅम आणि पासवर्ड खरेदीदाराच्या हाती आलाच पाहिजे, ही अट निविदेत असावी. आयटीआयमध्ये शिडीबरोबर उच्चस्तरीय भाषाही मराठीतून समजावून शिकवली जावी. कामगारांना तिचे प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि भरपगारी मिळावे, हे कलम वेतनकरारात यावे.

राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला, तो माणूस यंत्राचा धनी राहावा म्हणून. आज यंत्र लहान असूनही माणूस त्याचा ताबेदार होऊ शकतो. म्हणून यंत्राच्या आकाराबरोबर त्याची भाषा कोणाला वाचता येते, हेही आता विचारले पाहिजे.