कर्नाळा बँक आणि बाबासाहेबांचा रुपया

ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. त्याआधीच ठेवीदारांवर पैसे काढण्याचे निर्बंध आले होते. बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींहून अधिक रक्कम वळवल्याचा आरोप आहे आणि या प्रकरणात बँकेचे अध्यक्ष राहिलेल्या माजी आमदारांना जून २०२१ मध्ये ईडीने अटक केली. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवेल. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या हाती, त्यांच्या हाताला वेसण कोण घालणार?

हाच प्रश्न बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात चलनाबाबत मांडला होता. त्या काळी रुपया सोन्याला थेट बांधलेला नव्हता. विनिमय दर सांभाळणे आणि रुपये किती काढायचे हे ठरवणे सरकारच्या हाती होते. बाबासाहेबांचा आक्षेप असा की, चलन काढण्यावर नियमाची मर्यादा नसेल तर भाव वाढतात आणि त्याची झळ गरिबाला बसते. चालक सज्जन आहे या भरवशावर व्यवस्था उभी करू नये, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. सरकारी तूट रिझर्व्ह बँकेकडून आपोआप भरून घेण्याची सोय तर आपल्याकडे १९९७ पर्यंत चालू होती.

बँकेलाही हेच लागू होते. अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई बँक १९६० मध्ये बुडाल्या, तेव्हा कुठे ठेवविम्याचा कायदा झाला. फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. त्यामुळे कर्नाळाच्या सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण ठेव मिळण्याची सोय झाली, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. उरलेल्यांच्या ५ लाखांवरच्या रकमेचे काय, हे मात्र बँकेची मालमत्ता विकून काय हाती येते त्यावर अवलंबून राहते.

तरुण मित्रांनो, एक गोष्ट वस्तीवस्तीत सांगा. हा विमा बँकेतील ठेवींना आहे, पतसंस्थेतील ठेवींना नाही. मुलीच्या लग्नासाठी, घरासाठी जमवलेली पुंजी कुठे ठेवली आहे, ते आजच घरी विचारा. सभासद असाल तर वार्षिक सभेला जा, लेखापरीक्षण अहवाल मागा, थकबाकीदार कोण ते विचारा. ओळखीच्या नेत्याचा शब्द म्हणजे तारण नव्हे. बाबासाहेबांनी शिकवलेली चिकित्सा पासबुकालाही लावली पाहिजे.

जय भीम!