औषधाची किंमत कोण ठरवतं?

मोहम्मद बिन झायद सिटीत भारतातून पाहुणे आले, की बॅगेतून चकल्या निघतात आणि गोळ्यांची पाकिटंही. "तिकडे स्वस्त मिळतात!" पण स्वस्त का, हे कधी विचारलंत?

औषधाची किंमत फक्त कारखान्यात ठरत नाही. पेटंट आणि कायदेही ती ठरवतात. म्हणजे इथे राजकारण आलंच. त्यावर विद्यार्थ्यांनी लिहावं आणि छापावं, असं मला वाटतं.

"आम्ही काय डॉक्टर आहोत?" असं तुम्ही म्हणाल. मग २००१ सालची गोष्ट ऐका. एचआयव्हीच्या औषधांना तेव्हा माणशी वर्षाला सुमारे १०,००० डॉलर लागत. मुंबईच्या सिप्ला कंपनीने ती ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. पण पेटंट आडवं येत होतं. त्यातल्या एका औषधाचं पेटंट अमेरिकेतल्या येल विद्यापीठाकडे होतं. तिथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी पुढाकार घेतला. निवेदन लिहिलं, शेकडो सह्या जमवल्या. अखेर दक्षिण आफ्रिकेत ते औषध स्वस्तात विकायची वाट मोकळी झाली.

"मोठं झाल्यावर लिहू," असं म्हणू नका. शाळेच्या अंकासाठी मराठीत दहा ओळी लिहा. व्याकरण बाई तपासतील. प्रश्न मात्र तुमचाच हवा.