'भ्रूणहत्या महापाप' हा फलक आपला नाही

दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गर्दी करतो, कारण १९३७ साली बाबासाहेब तिथे आले होते. पण पुढच्याच वर्षी, १० नोव्हेंबर १९३८ ला, त्यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाची बाजू मांडली हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? त्यांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखवले. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकापुढे दुसरे मूल कुणी होऊ दिले नसते, असा त्यांचा रोखठोक मुद्दा होता. सभागृहाने ठराव फेटाळला. ठराव गर्भपाताचा नव्हता, मान्य. पण शरीर कुणाचे, हा प्रश्न तोच आहे.

आणि आपण ३ जानेवारीच्या मिरवणुकीत 'भ्रूणहत्या महापाप' असा फलक धरतो. पाप? हा शब्द आपल्या तोंडी आला कुठून?

यामागची चिंता खरी आहे. जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ८८० मुली होत्या, २०११ मध्ये ८४२ उरल्या. धुळ्यात ८९८. शेजारच्या आदिवासीबहुल नंदुरबारमध्ये मात्र ९४४. म्हणजे मुली गरिबीने घटत नाहीत. हुंडा, वारसा आणि सोनोग्राफीचे पैसे जिथे आहेत तिथे त्या घटतात.

पण गर्भलिंग तपासणी हा गुन्हा १९९४ च्या कायद्याने ठरवला आणि गर्भपाताला १९७१ च्या कायद्याने वाट दिली. हे दोन कायदे वेगळे आहेत. आपण दोन्ही एका फलकावर कोंबले आणि त्याची किंमत वस्तीतल्या बाईने मोजली. दोन लेकरे पदरात, तिसऱ्यांदा दिवस गेलेले, ती सातव्या आठवड्यात दवाखान्यात जाते. तिला ऐकावे लागते, "नवऱ्याची सही आण." अरे, सातव्या आठवड्यात सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी दिसतच नाही! तिला परत पाठवून कोणती मुलगी वाचली? ती जाते ती भोंदूकडे, नाहीतर मेडिकलवरून गोळ्या आणून घरीच रक्तस्राव सोसत बसते.

प्रौढ बाईला कुणाचीही सही लागत नाही, तिची एकटीची संमती पुरते. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत लागते. बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा काही जणींना २०२१ पासून चोवीस आठवड्यांची मुदत आहे. अविवाहितेलाही तोच हक्क, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले. लिंग तपासणीच्या कायद्यातसुद्धा बाईवर घरच्यांनी सक्ती केली असेच आधी गृहीत धरतात. कायद्याला कळते ते आपल्या फलकाला कळत नाही!

१८६३ साली जोतिबा-सावित्रीमाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना त्यांनी पापी म्हटले नाही, दार उघडले. तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला.

तेव्हा पुढच्या ३ जानेवारीला फलक रंगवणाऱ्या पोरांनो, 'गर्भलिंग तपासणारा डॉक्टर तुरुंगात घाला' असे लिहा. त्याखाली दुसरी ओळ लिहा: 'गर्भपाताला नवऱ्याची सही लागत नाही.' आणि तो फलक घेऊन सरकारी दवाखान्यावरून जा.