टेन्शन घेऊ नकोस, हे प्रत्येकाला सांगू नका

म्हैसूरला हवाई दलाचं निवड मंडळ आहे. त्यामुळे पाठीवर सॅक, हातात फाइल आणि चेहऱ्यावर ताण अशी पोरं इथल्या स्टेशनवर नेहमी दिसतात. त्यात आपली मराठी मुलंही असतात. बहुतेकांना क्लासवाल्यांनी एक मंत्र दिलेला असतो: निगेटिव्ह काही लिहायचं नाही. मानसशास्त्रीय चाचणीत ६० शब्द येतात, प्रत्येकाला १५ सेकंद. 'भीती' दिसली की भीतीवर मात करणारं वाक्य तयारच!

मला हे पटत नाही. राग, भीती, काळजी वाईट आणि उत्साह तेवढा चांगला, हा हिशेबच कच्चा आहे. एकच भावना दोन माणसांत दोन वेगळी कामं करते.

माझ्या हाताखाली एक हवालदार होता. गस्तीच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नसे. मग तो उठून बॅटऱ्या, पाणी, दोर, औषधं पुन्हा मोजत बसे. त्याच्या गस्तीत कधी काही कमी पडलं नाही. त्याच कंपनीतला एक जवान मात्र काळजी लागली की गप्प व्हायचा आणि सांगितलेलं अर्धंच ऐकायचा. रात्र तीच, डोंगर तोच. पहिल्याला मोजू द्यायचं. दुसऱ्याच्या हातात एक नेमकं काम आणि सोबतीला जोडीदार द्यायचा.

ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांतून असंच काही मांडलं. काही माणसं काय काय बिघडेल याचा विचार करूनच तयारी करतात. 'तुझं छानच होईल' असा धीर दिल्यावर अशांची कामगिरी उलट घसरली.

याचा अर्थ काळजी हा गुण झाला असं नाही. गस्त संपल्यावरही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरच गाठायला हवा. पण सगळ्या कंपनीला एकाच सुरात 'टेन्शन घेऊ नका' सांगणारा अधिकारी आपली माणसं ओळखत नाही, एवढं नक्की.

म्हणून मुलांनो, भीती लपवायला शिकण्याआधी तिला ओळखा. ती आली की तुमचे हात चालू लागतात की थांबतात? थांबत असतील, तर ते चालू ठेवायची सवय आजपासून लावा. पाठ केलेली वाक्यं गस्तीवर उपयोगी पडत नाहीत.