शेजारच्याला कितीत दिलं?

कृषी केंद्राच्या बिलावर चार-पाच गोष्टी दुकानदाराला हव्या तशा, हव्या तिथे लागतात. बियाण्याचा परवाना क्रमांक, खताचा वेगळा, कीटकनाशकाचा वेगळा. शेतकऱ्याचं नाव नि गाव मराठीत. लॉट नंबर ठळक, खाली सहीला जागा. वर्ध्याहून किंवा नागपूरहून येणारा टॅलीवाला मुलगा हे सगळं ‘टीडीएल’ या, टॅली नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या भाषेत लिहून आणतो. ती फाइल जोडली की बिल हवं तसं निघतं. समजा त्याने तीन हजार सांगितले. मग काउंटर पुलगावचं असो की त्याला लागून असलेल्या नाचणगावचं, पुढचं वाक्य ठरलेलं: “अर्ध्या घंट्याच्या कामाचे तीन हजार काहून जी?”

सॉफ्टवेअरवाले याला चिकटपणा म्हणतात. मला ते पटत नाही. हाच दुकानदार पोळ्याला वर्गणी देताना हात आखडत नाही, आणि शेतकऱ्याची उधारी कापूस घरी येईपर्यंत सांभाळतो. रास्त भाव म्हणजे काय, याचा त्याच्या डोक्यात एक पक्का हिशेब आहे, आणि तो त्याने हवेतून काढलेला नाही.

हिशेबाची पहिली बाजू अशी, की दाम डोळ्यांसमोर झालेल्या कष्टाचं. पोरगा आला, खुर्चीत बसला, चहा झाला, काम झालं. हमाल पोती उचलतो ते दिसतं, तोलाई दिसते. इथे दिसतात फक्त बोटं हलताना. गंमत म्हणजे जो नवशिका चार दिवस खेटे घालून तेच काम कसंबसं करतो, त्याला तीन हजार देताना कुरकुर कमी होते. बिचारा राबला तरी. पटाईत माणसाचा तोटा असा, की तो लवकर उठून जातो.

दुसरी बाजू नकलेची. “हेच तुम्ही सेलूच्या दुकानात बसवलं ना? मग आता फक्त कॉपी करायची.” यात खोटं काहीच नाही. दुसऱ्या प्रतीला खरंच खर्च नाही. पण सगळेच ग्राहक दुसरे व्हायला बघतात आणि पहिला व्हायला कोणी तयार नसतो, ही अडचण त्या पोराने सांगायची कोणाला?

तिसरी बाजू मूळ वस्तूच्या किमतीची. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या टॅलीचा एका संगणकाचा परवाना आज साधारण 22,500 रुपये अधिक 18 टक्के जीएसटीला पडतो. ज्याने ही रक्कम मोजली, त्याला तीन हजारांची जोडणी फार वाटत नाही. पण गावोगावच्या दुकानांत क्रॅक केलेली टॅली वर्षानुवर्षं चालली, हे कोणाला ठाऊक नाही? मूळ वस्तूच फुकट आली असेल, तर तिच्या शेपटाला पाचशेही लूट वाटते. परवान्याशिवाय कंपनीच्या ‘एज्युकेशनल मोड’मध्ये टॅली फुकट वापरता येते, पण तिथे नोंदी महिन्याच्या 1, 2 आणि 31 तारखेच्याच होतात. अख्खा हंगाम तीन तारखांत कोंबून पुन्हा “हिशेब जुळत नाही” म्हणणारेही असतात. त्यांच्याकडून रास्त भावाची अपेक्षा करू नये.

पण प्रामाणिक ग्राहकाचा हिशेब कुठून आला? कापसातूनच. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला भावाचं एकच शास्त्र शिकवलं गेलंय: उत्पादन खर्च अधिक पन्नास टक्के. 2025-26 च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये आणि लांब धाग्याचा 8,110 रुपये क्विंटल आहे, आणि सरकार म्हणतं की यात खर्चाच्या दीडपट मिळते. त्यावरचं भांडण असं, की खर्च धरायचा कोणता? सरकार धरतं खिशातून केलेला खर्च आणि घरच्यांची मजुरी, म्हणजे ‘ए-2 अधिक एफएल’. शेतकरी संघटना म्हणतात ‘सी-2’ धरा. स्वतःच्या जमिनीचा खंड धरा, अडकलेल्या भांडवलावरचं व्याज धरा. मागणी रास्त आहे, या स्तंभात ती अनेकदा मांडली आहे. मग टॅलीवाल्या पोराचा सी-2 कोण धरणार? त्याने शिकण्यात घातलेली वर्षं, लॅपटॉपचा हप्ता, वर्ध्याहून येण्या-जाण्याचं पेट्रोल, संध्याकाळी सातला येणारा “बिल निघत नाही” हा फोन. काउंटरवर मात्र त्याला ए-2 सुद्धा धड मिळत नाही. मिळते अर्ध्या तासाची मजुरी.

आता सॉफ्टवेअर जरा बाजूला ठेवू. मूळ वस्तूला जोडलेल्या जादा गुणाचं दाम किती, हा वाद या भागाने याआधी एकदा पुरता लढलेला आहे. कापसाच्या संकरित बियाण्यात बोंडअळीला रोखणारं बीटी जनुक ही अशीच जोडणी. 2002 मध्ये परवानगी मिळाली तेव्हा जालन्याच्या महिकोने अमेरिकेच्या मोन्सॅन्टोबरोबर ती आणली. सोळाशेच्या वर जाणाऱ्या पाकिटात बारा-साडेबाराशे रुपये निव्वळ या जनुकाचा मोबदला होता. बियाणं स्वस्त, जोडणी महाग. 2006 मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली आणि पाकीट साडेसातशेवर आलं. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने दर नियंत्रणाचा आदेश काढला. 2016 च्या हंगामात बीजी-2 चं, म्हणजे बीटीच्या दुसऱ्या पिढीचं, पाकीट देशभर 800 रुपये, त्यात जनुकाचे 49. मग 2018 मध्ये 39, 2019 मध्ये 20, आणि 2020 मध्ये शून्य.

ग्राहकाच्या मनातला रास्त भाव सरकारने राजपत्रातच छापला: प्रतीचे पैसे नाहीत. शेतकऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने ते वाईट झालं, असं मी म्हणणार नाही. सुरुवातीचा दर अवाच्या सवा होता. पण दुसरीही नोंद करायला हवी. 2009 नंतर कापसात एकाही नव्या जनुकाला देशात लागवडीची परवानगी मिळालेली नाही, आणि तणनाशकाला न जुमानणाऱ्या पुढच्या वाणाचा अर्ज 2016 मध्येच मागे घेतला गेला. 2017 ला गुलाबी बोंडअळीने विदर्भातली बोंडं पोखरली. ती बीजी-2 ला सरावली, हे कमी मोबदल्यामुळे झालं नाही, त्याची कारणं शेतात आहेत. पण बिघडलेली जोडणी दुरुस्त करून देणं कोणाच्याच फायद्याचं उरलं नव्हतं, हेही खरं.

आणि याच शेतकऱ्याने पुढे काय केलं? परवानगी नसलेलं, तणनाशक सोसणारं एचटीबीटी बियाणं चोरून घेतलं, बिलाशिवाय, हमीशिवाय. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. जनुकाचा मोबदला शून्य हवा म्हणणाऱ्या बाजारात हे धाडस का? निंदणामुळे. पावसात आठ दिवस मजूर मिळत नाही आणि तण कापसाच्या डोक्यावर जातं. निंदणाचे किती पैसे वाचणार, हे त्याला एकराप्रमाणे तोंडपाठ असतं. म्हणजे माणूस जोडणीला पैसे देत नाही, असं नाही. वाचलेला खर्च त्याला स्वतःच्या भाषेत मोजता आला, की तो जोखीमसुद्धा पत्करतो.

टॅलीवाल्यांनी इथून शिकावं. “बिलाचा फॉरमॅट करून देतो” ही विकायची वस्तूच नव्हे. अनुदानित खत 2018 पासून पीओएस यंत्रावर अंगठा घेऊन विकावं लागतं, मग तीच विक्री पुन्हा टॅलीत भरा, मग रात्री दोन्हींचा साठा जुळवा. जूनमध्ये दुकान बंद झाल्यावरही कृषी केंद्रवाला ताळा घालत बसतो. त्या रात्री वाचवणाऱ्या फाइलचे तीन हजार त्याला फार वाटत नाहीत.

जोडणीच्या देखभालीसाठी दरवर्षी घ्यायच्या पैशांचं मात्र कठीण आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लोकांना विचारलं होतं: बर्फ काढायचं फावडं पंधरा डॉलरला विकणाऱ्या दुकानदाराने हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी ते वीसला विकलं, तर? शंभरातल्या 82 जणांनी ते अन्यायाचं ठरवलं. पण दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून भाव वाढला, तर त्याच लोकांची तक्रार फारशी नसे. आपल्याकडेही तेच. “एकदा घेतलं ना, मग दरवर्षी कशाचे?” या प्रश्नाला “कंपनीचा नियम आहे” हे उत्तर दिलं, की फावडं महागलं. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले, ठिबकचं साहित्य आणि काही जैविक कीटकनाशकं 12 वरून 5 टक्क्यांवर आली. 2020 मध्ये टॅलीचं नवं रूप आलं तेव्हा जुन्या जोडण्या तपासून पाहाव्या लागल्या. हे काम कोणीतरी करतं. त्याचं नाव बिलावर लिहा, ‘दरबदलाची दुरुस्ती’ म्हणून, आणि ज्या वर्षी काही बदललं नाही त्या वर्षी कमी घ्या. ग्राहकाला हा खर्च कळतो; डोईजड होतो तो कारण न सांगता लावलेला.

एवढं करूनही शेवटी एक परीक्षा उरते, ती म्हणजे या लेखाचं शीर्षक. शहरात एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांचं भाडं वेगळं असतं आणि कोणी विचारत नाही. इथे देवळीच्या दुकानदाराचा साडू नाचणगावात असतो, आणि त्याला दोन हजारांत मिळालं हे आठवड्याच्या आत कळतं. मग तीन हजारही लूट, आणि दोन हजार घेणाराही “तेव्हा आपल्याला फसवत तर नव्हता?” म्हणून संशयाखाली. सवलत द्यायचीच असेल तर ती सगळ्यांसमोर द्यावी: पहिल्या दुकानाने पाच हजार दिले, पुढच्या प्रत्येक दुकानामागे त्याचे पाचशे पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीत वळते. असा करार करायला पहिला ग्राहकही तयार होईल, असं मला वाटतं. निदान दुसरा होण्याची वाट बघणं तरी थांबेल.

जाता जाता दुकानदारांसाठी एक. टीडीएलची फाइल दोन रूपांत देता येते: वाचता येणारी साधी मजकुराची, किंवा कुलूपबंद टीसीपी. बहुतेकांच्या हाती पडते ती दुसरी. पोराला पुण्यात नोकरी लागली की त्याचा नंबर बदलतो आणि कुलूप तसंच राहतं. भाव करतानाच विचारा, फाइल उघडी देणार का. तो दुप्पट मागेल. तिथे घासाघीस करू नका.