लंडनच्या आठ दिवसांचा हिशेब

लंडनला आपाकडे जायचे ठरले, तेव्हा घोडपदेवच्या घरात आम्ही वही काढली आणि रकाना थेट पौंडांचाच आखला. प्रत्येक चहाला एकशेवीसने गुणत बसले, तर तो घशाखाली उतरणार नाही!

विमान आणि व्हिसाचे पैसे निघण्याआधीच जातात, ते यात धरले नाहीत. भिशीच्या रकमेतून थोरलीच्या अकरावीची फी आधी वेगळी काढली. उरले त्याला आठाने भागले. रोजचे 45 पौंड आले.

2025 मध्ये लंडनच्या लाल बसचे तिकीट 1.75 पौंड होते. तेवढ्यात तासाभरात हव्या तितक्या बस बदला. दिवसभर फिरलात तरी तेव्हा 5.25 च्या वर कापत नव्हते. रोख पैसे चालत नाहीत, कार्ड टेकवायचे, आणि प्रत्येकाचे वेगळे. अकरा वर्षांखालच्यांना बस फुकट, म्हणजे धाकटा सुटला. आम्हा तिघांचे 15.75. भुयारी रेल्वे महाग, शिवाय खिडकीतून अंधारच दिसणार. ब्रिटिश म्युझियम बघायला तिकीट नाही. शुक्रवारी जुमा ईस्ट लंडन मशिदीत, मग तिथेच व्हाइटचॅपलला हलाल जेवण. एरवी दुपारी डबा.

खरा पेच आपाचा. चार माणसे आठ दिवस तिच्या घरी, आणि ती एक पैसा घेणार नाही. दुल्हाभाई तर रागावतीलच. म्हणून रोजचे 15 पौंड ‘आपाचा किराणा’ असे लिहिले. पैसे हातात द्यायचे नाहीत, बाजारहाट आपणच करून आणायचा. उरतात 14.25. आइस्क्रीम, खेळणी, शुक्रवारचे जेवण, सगळे त्यातच.